बांधावरून चालणारी माणसं

आमच्या वाड्यावरच्या पाण्याला प्रत्येक जण वेगळ्या नावाने ओळखतो. शामाय, म्हणजे माझी आजी, त्याला ‘तळें’ म्हणते आणि ते पाणी अडवून धरणाऱ्या मातीच्या भिंतीला ‘बांद’. वाड्यावरची लहान मुलं त्याला ‘लेक’ म्हणतात. मडगावहून संध्याकाळी दुचाक्या घेऊन येणाऱ्यांसाठी तो एक ‘स्पॉट’ आहे. मी मराठी साहित्याची विद्यार्थिनी, त्यामुळे लिहायला बसल्यावर माझ्यापुढे तलाव, बंधारा आणि धरण असे तीन शब्द आले. मी शामायला म्हटलं, मी आपल्या धरणावर लिहितेय. ती हसली. तिच्या मते धरण म्हणजे साळावली, तिथलं पाणी आपल्या नळाला येतं. आपल्याकडे आहे तो बांद.

तिचं बरोबर आहे. पण पाण्याच्या हिशेबाने पाहिलं तर आमचा बांध हेही एक मातीचं धरणच आहे, फक्त लहान. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायला चार मिनिटं लागतात. उंची माझ्या दीडपट असेल. वरच्या बाजूला डोंगराची उतरण आणि काजूची झाडं, मध्ये पाणी, खालच्या बाजूला भातशेतं, आणि शेतांपलीकडे घरं. धरण शब्दात ‘धरणं’ आहे, बांध शब्दात ‘बांधणं’ आहे. दोन्ही क्रियापदं आहेत, आणि क्रियापद म्हटलं की ते करणारं कुणीतरी लागतं. हा लेख त्या कुणीतरीबद्दल आहे.

साष्टी तालुक्यात अशी तळी ठिकठिकाणी आहेत. त्यांत कुडतरीची सगळ्यांना ठाऊक. कुडतरीला साष्टीचं धान्याचं कोठार म्हणतात, आणि त्या कोठारामागे रायतळें, आंगडी तळें यांसारख्या तळ्यांचं पाणी आहे. आंगडी तळ्याच्या काठावर सेंट अ‍ॅलेक्स चर्च उभं आहे, १५९७ सालचं. पांढरं चर्च आणि समोर कमळं-साळकांनी भरलेलं पाणी, हा फोटो तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिला असेल. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी, की ते पाणी शेतासाठी अडवलेलं असतं. आमचं गाव कुडतरीइतकं नावाजलेलं नाही आणि आमचं तळं नकाशावर शोधावं लागतं, पण कारभार तोच.

हा कारभार वर्षभराचा असतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तेव्हा शेतात ‘सरद’ म्हणजे पावसाळी भात असतं, त्याला तळ्याचं पाणी लागत नाही. त्या दिवसांत बांधातलं दार मोकळं असतं, पाणी येतं आणि जातं. पाऊस ओसरायला लागला की दाराला फळ्या लावतात. फळ्यांच्या दोन रांगा, मधल्या जागेत चिखल ठासून भरायचा, झालं दार बंद. मग परतीचा पाऊस आणि डोंगराचे झरे तळं भरतात. सरद कापून झालं, की डिसेंबरच्या सुमारास ‘वायंगण’ सुरू होतं, म्हणजे दुसरं भात, जे संपूर्ण या साठवलेल्या पाण्यावर उभं राहतं. वरची एक फळी काढायची, पाणी पाटातून शेतांत जायचं. मग काही दिवसांनी दुसरी फळी. मार्च-एप्रिलमध्ये वायंगण कापायला येतं तेव्हा तळ्याचा तळ दिसायला लागलेला असतो. मे महिन्यात उरल्यासुरल्या पाण्यातले थिगूर पकडायचे, तळातला काळा गाळ काढून माडांच्या मुळाशी घालायचा. जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून.

लहानपणी मला वाटायचं, बांध कुणीतरी पूर्वी कधीतरी बांधला आणि तो आहे. शामाय मात्र ‘बांद घालप’ हे दर वर्षीचं काम असल्यासारखं बोलते. आणि ते तसंच होतं. गोव्यातली गावं पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून गावकरी पद्धतीने चालत होती. जमीन सामाईक, शेतं लिलावाने कसायला द्यायची, येणाऱ्या उत्पन्नातून बांध, पाट, देऊळ यांचा खर्च भागवायचा आणि उरलेलं गावकऱ्यांत वाटायचं. पोर्तुगीजांनी १५२६ साली तिसवाडीतल्या गावांचे हे रिवाज ‘फोराल’ नावाच्या दस्तऐवजात लिहून काढले. साष्टी त्यांच्या ताब्यात १५४३ साली आली. देवळांच्या जागी चर्चेस उभी राहिली, गावकरीचं नाव ‘कोमुनिदाद’ झालं, पण पाण्याचं काम थांबलं नाही. धर्म बदलला म्हणून खेकडा बांध पोखरायचा थांबत नाही.

खेकड्यांचं आलंच आहे तर सांगते. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात तिवरे इथलं मातीचं धरण फुटलं. खालच्या वस्तीतली वीसच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होते. नंतर एका मंत्र्यांनी धरण खेकड्यांनी पोखरल्यामुळे फुटलं असं म्हटलं आणि महाराष्ट्रभर त्या वाक्याची चेष्टा झाली. आमच्याकडेही मोबाइलवर खेकड्यांचे विनोद फिरले. शामाय हसली नाही. तिचा प्रश्न साधा होता: खेकड्यांनी बिळं केली, ठीक, पण ती बघायला बांधावरून कुणी चालत नव्हतं का? वर्तमानपत्रांत तर आलं होतं, की गावातल्या लोकांनी गळतीबद्दल आधीच तक्रारी केल्या होत्या. म्हणजे चालणारे होते, बघणारे होते. त्यांच्या डोळ्यांना दिसलेलं पुढे पोचलं नाही.

मातीच्या धरणाची मला कळलेली मुख्य गोष्ट हीच, की ते सतत बघावं लागतं. सिमेंटच्या भिंतीसारखं ते एकदा उभं करून विसरता येत नाही. मातीतून पाणी थोडं झिरपतंच. ते चुकत नाही आणि तेवढ्याने घाबरायचंही कारण नसतं. झिरपणारं पाणी नितळ असलं तर बांध ठीक आहे. ते गढूळ व्हायला लागलं, तर समजायचं की पाण्याबरोबर आतली मातीही बाहेर येतेय, आणि आत कुठेतरी नळीसारखी वाट तयार होतेय. खेकड्याचं किंवा उंदराचं बीळ, कुजलेल्या झाडाचं मूळ, ही त्या वाटेची सुरुवात असते. म्हणून बांधावर गवत हवं, कारण ते माती धरून ठेवतं, पण मोठी झाडं नकोत. दुसरी गोष्ट, मातीच्या बांधावरून पाणी कधीच वाहता कामा नये. दगडी बांधावरून धबधबा पडला तर लोक फोटो काढतात, मातीच्या बांधावरून पडला तर थोड्या वेळात बांधच राहत नाही. म्हणून सांडवा माथ्यापेक्षा खाली ठेवतात आणि पावसाळ्यात दार मोकळं ठेवतात. आमच्या दारात आता शेवाळ-पानांबरोबर चिप्सची पाकिटं आणि बाटल्या अडकतात. जुलैच्या एखाद्या रात्री ते दार तुंबलं तर काय होईल, याचा विचार शामाय पाऊस ऐकत करते. पुण्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि शहरात पाणी शिरलं, ही आठवण तिथल्या घराघरांत आहे. आमचं तळं त्यापुढे ओंजळभर. ते फुटलं तर माणसं बहुधा मरणार नाहीत. शेतं मात्र गाळाखाली जातील.

शापाय, म्हणजे आजोबा, गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. ते आणि शामाय दोघंही पावसाआधी बांधाच्या खालच्या कडेने चालायचे, पायाने चाचपत, वाकून बघत. शामायचं वाक्य ठरलेलं: “बांदार चलूंक जाय.” बांधावर चालायला हवं. त्यात व्यायामाचा काही संबंध नव्हता.

गंमत अशी की आम्हा मुलांची सगळी मजा याच चालण्यात होती. पहिला पाऊस पडला की रात्री टॉर्च घेऊन खेकडे, आमच्या ‘कुर्ल्यो’, पकडायला जायचं. उन्हाळाभर बिळात बसलेले खेकडे पहिल्या पाण्याबरोबर बाहेर येतात. बांधावरचं एकेक बीळ आम्हाला पाठ असायचं. खेकडा पिशवीत, आणि बीळ शापायच्या हातच्या चिखलाने बंद. कुणी आम्हाला हे ‘धरणाची देखभाल’ म्हणून शिकवलं नाही. रात्री घरी झणझणीत रस्सा व्हायचा, एवढंच आम्हाला माहीत. मे महिन्यात मासे पकडायला अख्खा वाडा तळ्यात उतरायचा, पायांखाली गाळ ढवळला जायचा, दुसऱ्या दिवशी तोच गाळ टोपल्यांतून माडांकडे जायचा. म्हशी काठाला डुंबायच्या आणि बांधावरचं उंच वाढलेलं गवत खाऊन कमी करायच्या. पोहायला शिकायचं ते याच पाण्यात, ते सुद्धा मोठ्यांच्या नजरेखाली, कारण मोठे तिथे कामालाच असायचे. खेळ आणि काम यांच्यामध्ये बांध घातलेला नव्हता.

आता येणाऱ्यांची मजा वेगळी आहे. मला ती वाईट वाटत नाही. मीसुद्धा मैत्रिणींना घेऊन तिथे गेलेय, सूर्य डोंगरामागे जाताना रील काढलंय. संध्याकाळी वाड्यावरच्या बायका, मधुमेहाची गोळी घेणारे अंकल, नव्या इमारतींत राहायला आलेली कुटुंबं बांधावरून फेऱ्या मारतात. रविवारी दुर्बिणी घेऊन पक्षी बघणारे येतात. त्यांच्यामुळे मला कळलं की लहानपणापासून बघितलेली ती जांभळी कोंबडी म्हणजे जांभळी पाणकोंबडी, आणि पानांवरून चालणारा तो लांब बोटांचा पक्षी म्हणजे कमळपक्षी. एके काळी फक्त शेतकऱ्यांचं असलेलं पाणी आता पुष्कळ लोकांना आवडतं, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण गेल्या वर्षी दोन मागण्या एकापाठोपाठ आल्या आणि माझी झोप उडाली. पहिली, बांधाच्या माथ्यावर पेव्हर ब्लॉक घालावेत, बाजूला रेलिंग आणि दिवे लावावेत, म्हणजे पावसात चिखल होणार नाही. दुसरी, तळं डिसेंबरात रिकामं करू नये. पाणी सोडलं की ते विद्रूप दिसतं, पक्षी जातात, फिरायला मजा येत नाही, म्हणून मेपर्यंत ते भरलेलं ठेवावं.

चर्चच्या हॉलमध्ये वाड्याची बैठक झाली. मागणी करणारे कुणी बाहेरचे बिल्डर नव्हते. आखातात तीस वर्षं काढून घरी परतलेले एक अंकल होते, माझ्या शाळेतल्या एक निवृत्त टीचर होत्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. टीचर गेल्या पावसाळ्यात बांधावर घसरून पडल्या होत्या, मनगट मोडलं होतं. आणि अंकलनी विचारलेला प्रश्न तर सगळ्यात अवघड होता: खाली वायंगण करतं कोण? मोजा. आम्ही मोजलं. माझ्या लहानपणी तळ्याखाली अकरा घरं वायंगण करत होती. आता चार. चार घरांसाठी सगळ्या गावाने अर्धं वर्ष चिखल बघायचा का?

शामाय बैठकीत सहसा बोलत नाही. त्या दिवशी बोलली. पाणी सोडायचंच नसेल तर अडवायचं कशाला, असं तिने विचारलं. थोडी शांतता झाली. मग पक्षी बघायला येणाऱ्यांपैकी एका मुलाने हात वर केला आणि सांगितलं की तळं उतरायला लागलं की काठाला जो उथळ चिखल उघडा पडतो, त्याच्यासाठीच बगळे आणि तुतवार तिथे येतात. पाणी काठोकाठ राहिलं तर त्यांना उभं राहायला जागा नाही. मला त्या मुलाला चहा पाजावासा वाटला.

पेव्हरबद्दल मी बोलले. पहिल्यांदाच मोठ्यांपुढे बोलत होते, आवाज कापत होता. मी म्हटलं की मातीचा बांध खचायला लागला की आधी माथ्यावर भेग दिसते. भेगेवर फरशी घातली तर भेग दिसणार नाही, आणि न दिसलेली भेग बुजवणार कोण? रेलिंगचे खांब रोवायला बांधाला खड्डे पाडायचे, दिव्यांच्या तारांसाठी चर खणायचा, म्हणजे खेकड्याचं काम आपणच पैसे मोजून करायचं. लोक हसले. पण अंकलचा प्रश्न तसाच राहिला, कारण त्या न करणाऱ्या सात घरांत आमचं घर होतं.

आमचं शेत तीन वर्षं पड आहे. डॅडी बोटीवर असतात, सात-आठ महिने घरी नसतात. मम्मी शिक्षिका. शामायचे गुडघे गेले. शेजारचे अंकल आमचं शेत कसायला तयार होते, त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे. डॅडी नको म्हणाले. कारण गोव्यात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे: कूळ. आज तोंडी दिलं तर उद्या तो कूळ म्हणून नाव लावेल आणि जमीन जाईल. कायद्याचं कलम डॅडींना सांगता येणार नाही, भीती मात्र पाठ आहे. अशी भीती घालून गोव्यात किती शेतं पड ठेवलीत ते रस्त्याने जाताना कुणालाही दिसेल.

आता यातली दुसरी बाजू. हे शेत आमच्याकडे आलं तेच कूळ म्हणून. १९६४ साली गोव्यात कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा कूळ त्या जमिनीचा मालक ठरला. शापाय त्यांतले एक. तोपर्यंत ते दुसऱ्याच्या शेतात राबत होते. आमच्या घरात जे काही उभं राहिलं, डॅडींचं शिक्षण, माझी ही पदवी, त्याच्या मुळाशी तो कायदा आहे. पण त्याच बदलात बांधाची जबाबदारीही हलली. पूर्वी कोमुनिदाद बांध बघायची. नंतर ती कुळांची सामाईक जबाबदारी झाली, त्यासाठी कुळांच्या संघटना नेमण्यात आल्या. शेत प्रत्येकाचं वेगळं झालं आणि बांध सगळ्यांचा राहिला. शापायच्या पिढीने दोन्ही सांभाळलं, कारण ते सगळे रोज शेतात होते. पुढची पिढी बोटीवर, आखातात, लंडनला गेली. शेत कागदावर राहिलं. बांध तर कागदावरही नीट राहिला नाही.

मोठ्या धरणांची गोष्ट याहून निराळी. साळावलीचा तो गोल सांडवा बघायला आपण कॉलेजच्या सहलीत गेलो होतो. त्याच धरणाच्या पाण्याखाली कुर्डी गाव आहे, मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, जे दर मे महिन्यात पाणी उतरलं की वर येतं आणि तिथली माणसं आपल्या घरांचे चौथरे बघायला जातात. मोठं धरण सरकार बांधतं, सरकार राखतं, आणि त्यासाठी कधी कधी एक गाव जातं. आमच्यासारखा बांध गावच बांधतं, आणि गाव त्याच्यापासून दूर गेलं की तो हळूहळू सुटतो. त्याची बातमी होत नाही.

मला कॉलेजात नेहमी विचारतात, कॅथलिक असून मराठी कशी घेतलीस? मी राशोलचं नाव सांगते. आमच्यापासून फार लांब नाही. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले, आयुष्यातली बरीच वर्षं साष्टीत राहिले आणि त्यांचं मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोललाच छापलं गेलं. त्या पुराणाचे पहिले श्रोते कोण असतील याचा मी कधी कधी विचार करते. दिवसभर बांध-पाट बघून संध्याकाळी चर्चच्या ओसरीत येऊन बसलेली माणसं असतील, पायांना चिखल असेल. माझ्यासाठी मराठी आणि तो चिखल एकाच तालुक्यातले आहेत. आणि दोन्ही वापरणाऱ्यांमुळे टिकलेत.

तर शेताचं काय झालं ते सांगते. ऑगस्टमध्ये रायच्या चर्चमध्ये ‘कोणसांचें फेस्त’ असतं, ५ तारखेला. नव्या भाताची कणसं आशीर्वाद देऊन घरोघर जातात. चर्चचं नाव आवर लेडी ऑफ स्नोज, म्हणजे बर्फाची सायबीण; गोव्याच्या भर पावसात बर्फाच्या सायबिणीपुढे हिरवं कणीस ठेवायचं, हे मला फार आवडतं. आमच्या गावच्या फेस्ताला शामाय आमच्या शेतातलं कणीस घेऊन जायची. तीन वर्षं ती रिकाम्या हाताने जाते आणि दुसऱ्याच्या शेतातलं कणीस घेऊन परत येते. ती काही बोलत नाही. घरातल्या आल्तारावर ते खोचून ठेवते.

मी या वर्षी डॅडींना व्हिडिओ कॉलवर ते कणीस दाखवलं. मग विचारलं, शेत द्यायचं नसेल तर आपणच का करू नये? बियाणं आपण घ्यायचं, ज्योती. अंकलना ट्रॅक्टरचे आणि मजुरीचे पैसे द्यायचे, पावती करायची. कापणीला यंत्र भाड्याने मिळतं. पेंढा अंकलच्या गाईंना. शेत आपण कसतोय, कुणाला दिलेलं नाही. डॅडी बराच वेळ हिशेब करत बसले. म्हणाले, यात चार पैसे सुटायचे नाहीत. मी म्हटलं, सुटणार नाहीत. तळ्याखाली पाचवं घर होईल, एवढंच. त्यांनी शामायला फोन द्यायला सांगितलं. दोघं काय बोलले ते मला कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पैसे आले.

बैठकीचाही निकाल लागला, अर्धामुर्धा. पेव्हर माथ्यावर नाही, रस्त्याकडच्या सपाट भागात घालायचं असं सध्या ठरलंय, म्हणजे टीचरना फिरायला जागा होईल. रेलिंगचा विषय पुन्हा निघेल, मला माहीत आहे. पाणी डिसेंबरात सोडायचं. आणि एक गोष्ट अंकलनीच सुचवली, ज्यांनी तो अवघड प्रश्न विचारला होता. रोज संध्याकाळी जे तीस-चाळीस लोक बांधावरून फेऱ्या मारतात, त्यांनी मान खाली घालून चालावं. बीळ दिसलं, भेग दिसली, खालच्या बाजूला गढूळ पाणी दिसलं, दारात कचरा अडकलेला दिसला, तर वाड्याच्या ग्रुपवर फोटो टाकायचा. फोटो तर ते काढतातच. शामायला हे सांगितल्यावर ती म्हणाली की बघितलं तरी बुजवायला हात लागतात. ते खरंच आहे. म्हणून मेच्या शेवटच्या रविवारी, मासनंतर, कुदळ-फावडी घेऊन जमायचं ठरलंय.

वायंगणाची पेरणी डिसेंबरात आहे. पहिली फळी काढतील तेव्हा मी तिथे असणार, कारण पाटाच्या पाण्याची आमची पाळी आता मला सांभाळायची आहे आणि पाळी चुकवली तर वाड्यावर भांडणं होतात. साहित्य मंडळाची सहल कुठे न्यायची यावर आपली चर्चा चालू आहे, तर माझं आमंत्रण घ्या. जेवण आमच्याकडे, थिगूर मिळाले तर रस्सा. बांधाच्या वरून एक फेरी, खालच्या कडेने एक फेरी. बूट घरीच ठेवा, खालची फेरी चिखलातून आहे.